आरपीसाठी जेनेटिक क्लिनिकला जावं का? आमचा अनुभव, पाचपैकी चार

ज्यांच्या घरात कुणाला आरपी म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार आहे, किंवा स्टारगार्ट, एलसीए असा पडद्याचाच दुसरा आनुवंशिक आजार निघालाय, आणि डॉक्टरांनी "यावर काही उपाय नाही, वर्षाने दाखवा" म्हणून घरी पाठवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी रिव्ह्यू करतेय ती सेवा म्हणजे मोठ्या डोळ्यांच्या हॉस्पिटलमधलं आनुवंशिक आजारांचं वेगळं क्लिनिक, तिथली जेनेटिक टेस्ट, काउन्सेलिंग आणि पुढे रिसर्चसाठी नाव नोंदवायची सोय. आम्ही गेलो ते हॉस्पिटल दक्षिणेतलं, ट्रस्टचं. नाव लिहीत नाही, कारण अशी सोय आता हैदराबाद, चेन्नई, बेंगळुरू, मदुराई अशा बऱ्याच ठिकाणी आहे आणि पद्धत साधारण सारखीच असते, तुम्हाला जे सोयीचं पडेल ते बघा.

पेशंट माझा धाकटा भाऊ. आम्ही लातूरकडचे. लहानपणी दिवेलागणीनंतर तो अंगणातसुद्धा अडखळायचा, सगळे म्हणायचे रातांधळेपणा आहे, मग गाजर, पालक, कॉड लिव्हर ऑइलच्या गोळ्या सगळं झालं. कॉलेजला असताना रस्त्याच्या कडेला उभी असलेली उसाची ट्रॉली त्याला दिसलीच नाही आणि गाडी धडकली, तेव्हा कुठे पडदा नीट तपासला गेला आणि आरपी हे नाव पहिल्यांदा आमच्या घरात आलं. त्यानंतर कितीतरी वर्षं फक्त चष्म्याचा नंबर आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या. कुठल्याच डॉक्टरने घरातल्या बाकीच्यांबद्दल एक प्रश्न विचारला नाही.

या क्लिनिकमध्ये पहिला प्रश्नच तो होता. डॉक्टरांच्या आधी जेनेटिक काउन्सेलर बसते, तिने कोरा कागद घेतला आणि आजोबा-पणजोबांपासून सगळं विचारत गेली, कोण कोणाचं कोण लागतं, कोणाला रात्री दिसत नव्हतं, कोणाला ऐकू कमी येतं, कोण लहानपणी गेलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार असलेल्याला आतून काळं करायचं. आई-बाबांच्या मध्ये तिने दोन रेघा मारल्या, कारण आई ही बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्याकडे मामाची मुलगी करणं ही किती साधी गोष्ट आहे ते वेगळं सांगायला नको. नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी नावाचा मोठा अभ्यास झाला होता, त्यात तिशीपुढच्या लोकांमध्ये साधारण ७५० जणांमागे एकाला आरपी सापडला, जगात इतरत्र हा आकडा ४००० मागे एक असा सांगतात. म्हणजे हा आजार आपल्याकडे अजिबात दुर्मिळ नाहीये, फक्त कोणी बोलत नाही, घरातल्या घरात "त्याला रात्रीचं जरा कमी दिसतं" एवढ्यावर भागवतात.

इथे आईबद्दल लिहायलाच पाहिजे. इतकी वर्षं आमच्या घरात "हे तिच्या माहेरकडून आलं" असं उघड बोललं जायचं आणि आई ते ऐकून घ्यायची. काउन्सेलरने आई-बाबा दोघांना समोर बसवून सांगितलं की तुमच्या मुलाचा प्रकार रिसेसिव्ह वाटतोय, त्यात जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, एक आईकडून येते एक वडिलांकडून, दोघांपैकी एकट्याकडून हा आजार येऊच शकत नाही, आणि तुम्ही दोघं वाहक असाल, म्हणजे प्रत्येकाकडे एकच बिघडलेली प्रत असेल, तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक शक्यता होती. बाबा बराच वेळ गप्प बसले. नंतर गाडीत बसल्यावर ते आईला "आपल्या दोघांचं आहे हे" एवढंच म्हणाले. माझ्यासाठी त्या सगळ्या खर्चाची किंमत तिथेच वसूल झाली, बाकी काही निघालं नसतं तरी चाललं असतं.

आता तपासण्या. अख्खा दिवस धरून जा, आणि दोन दिवस हातात ठेवलेत तर अजून बरं. ओसीटी म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन, पडद्याचे फोटो, ऑटोफ्लुरोसन्स नावाचा एक वेगळा फोटो, बघण्याचा घेर मोजणारी फील्ड टेस्ट, आणि सगळ्यात दमवणारी ईआरजी. ईआरजीला डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करतात, मग कमीत कमी वीस मिनिटं पूर्ण अंधारात बसवतात आणि नंतर डोळ्याला इलेक्ट्रोड लावून आधी अगदी मंद मग जोरात प्रकाशाचे फ्लॅश देऊन पडदा किती करंट देतो ते मोजतात. भावाचा रात्री बघायला लागणाऱ्या पेशींचा प्रतिसाद जवळजवळ सपाट आला. टेक्निशियन मुलगी फार चांगली होती, अंधारात जायच्या आधी पुढे काय काय होणार ते सगळं सांगून ठेवलं, हात धरून खुर्चीपर्यंत नेलं आणि दर थोड्या वेळाने बोलत राहिली. ज्याला आधीच अंधाराची भीती आहे त्याला अंधारात बसवताना एवढं तरी हवंच, आणि ते इथे होतं.

आणि ओसीटीत एक गोष्ट सापडली जी आधी कोणी सांगितली नव्हती. पडद्याच्या मध्यभागी पाणी साठून सूज आली होती. आरपीच्या बऱ्याच पेशंटना ही सूज येते आणि तिच्यावर औषध आहे, काचबिंदूला जे डॉर्झोलामाइडचे थेंब देतात तेच. भावाला काही महिन्यांत वाचताना फरक जाणवला, अक्षरं पुसट दिसायची ती बरीच स्वच्छ झाली. तसंच आरपीवाल्यांना कमी वयात मोतीबिंदू होतो तो काढता येतो. त्यामुळे "काहीच करता येत नाही" हे वाक्य मला आता सहन होत नाही. मूळ आजार थांबवता येत नाही हे खरं, पण त्याच्या बरोबर येणाऱ्या दोन-तीन गोष्टींवर उपाय आहेत आणि ते न बघता माणसाला परत पाठवणं बरोबर नाही.

व्हिटॅमिन ए च्या मोठ्या डोसच्या गोळ्या तिथल्या डॉक्टरांनी बंद केल्या. त्याचं कारणही नीट सांगितलं. अमेरिकेत १९९३ साली एक अभ्यास आला होता, रोज १५,००० युनिट व्हिटॅमिन ए घेतलं तर आरपीची गती थोडी कमी होते असा, त्यावरून जगभर गोळ्या सुरू झाल्या, पण नंतर तीच माहिती पुन्हा तपासली तेव्हा तो फायदा काही टिकला नाही. आणि स्टारगार्टवाल्यांनी तर व्हिटॅमिन ए च्या गोळ्या घेऊच नयेत, तिथे उलटा त्रास होतो. आता जनुक कोणतं ते माहीत नसताना सरसकट सगळ्यांना त्याच गोळ्या देत राहायचं म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

जेनेटिक टेस्टसाठी साधं रक्त घेतात. पडद्याच्या आनुवंशिक आजारांची तीनशेच्या आसपास जनुकं आतापर्यंत माहीत झालीत, ती सगळी एकदम वाचतात. पैसे आम्हाला बऱ्यापैकी लागले, विम्यात बसलं नाही, ट्रस्टच्या सोशल वर्करने उत्पन्नाचा दाखला बघून काही रक्कम कमी करून दिली, तेव्हा दाखला सोबत न्याच. रिपोर्ट सांगितलेल्या वेळेपेक्षा खूप उशिरा आला आणि मध्ये फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच उत्तर, हा एक मायनस पॉइंट. दुसरा मायनस म्हणजे रिपोर्ट आधी मेलवर येऊन पडतो. मोबाईलवर पीडीएफ उघडून भाऊ एकटाच रात्रभर वाचत बसला, त्यातले शब्द बघून कोणीही घाबरेल. असं करू नये. काउन्सेलरने समोर बसून किंवा निदान व्हिडिओ कॉलवर समजावून मगच रिपोर्ट हातात द्यावा, हे मी त्यांच्या फीडबॅक फॉर्ममध्येही लिहिलंय.

रिपोर्टमध्ये यूएसएच२ए हे जनुक आलं. एक बदल नक्की आजार करणारा, दुसरा "अर्थ अनिश्चित" या गटातला. हा अनिश्चित प्रकार खूप जणांना येतो आणि लोक निराश होतात, तर त्यासाठी आई-बाबांचंही रक्त तपासतात, कोणता बदल कोणाकडून आला ते बघायला. आमच्या वेळी तसं केल्यावर दोन्ही बदल दोन वेगवेगळ्या बाजूंनी आल्याचं दिसलं आणि डॉक्टरांची खात्री वाढली. आई-बाबा नात्यातले असूनही दोघांचे बदल वेगळे निघाले, याचं आम्हाला फार आश्चर्य वाटलं, पण काउन्सेलर म्हणाली असं होऊ शकतं. ज्यांचं उत्तर अनिश्चित आलंय त्यांनी दोन-तीन वर्षांनी तोच डेटा पुन्हा बघायला सांगावं, जगभरात माहिती वाढत जाते तसा आजचा अनिश्चित बदल उद्या नक्की होऊ शकतो. याच जनुकामुळे काहींना ऐकायलाही कमी येतं, त्याला अशर सिंड्रोम म्हणतात, म्हणून लगेच कानाची तपासणी करून घेतली, भावाचे कान व्यवस्थित आहेत.

आता ज्यासाठी बरेच जण हे वाचत असतील तो भाग, ट्रायल (नव्या औषधाची माणसांवर चाचणी) आणि जीन थेरपी (बिघडलेल्या जनुकाऐवजी निरोगी जनुक देणं).

तिथल्या रिसर्च कोऑर्डिनेटरने आम्हाला जवळजवळ तासभर दिला, आणि हा या सेवेचा सगळ्यात चांगला भाग आहे कारण त्याने एकदाही खोटी आशा दाखवली नाही. लक्सटर्ना नावाची जीन थेरपी अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झाली, पण ती फक्त आरपीई६५ या एकाच जनुकासाठी आहे. फिलाडेल्फियाच्या जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर या डॉक्टर नवराबायकोने त्यावर वर्षानुवर्षं काम केलं, आधी जन्मतः आंधळ्या कुत्र्यांवर (२००१ मध्ये ते छापून आलं) आणि मग माणसांवर. शेवटच्या मोठ्या ट्रायलमध्ये फक्त ३१ जण होते. एवढ्या छोट्या संख्येत फरक मोजायचा कसा, तर त्यांनी एक चालायची वाट तयार केली, बाण आणि अडथळे असलेली, आणि वेगवेगळ्या उजेडात माणूस ती किती अचूक आणि किती वेळात पार करतो ते बघितलं. चार्टवरची अक्षरं किती वाचता येतात यापेक्षा कमी उजेडात चालता येतं का, हे मोजणं किती बरोबर आहे, आरपीवाल्यांच्या घरात राहणाऱ्या कोणालाही विचारा. किंमत एका डोळ्याला ४,२५,००० डॉलर ठरली. आकडा ऐकून बाबांनी मान खाली घातली, पण कोऑर्डिनेटर लगेच म्हणाला की ही थेरपी तुमच्या मुलाच्या जनुकाची नाहीच, तेव्हा पैशाचा विचार मनातून काढून टाका.

मग भावाने विचारलं की यूएसएच२ए साठी तसंच का नाही करत. उत्तर असं की निरोगी जनुक डोळ्यात नेण्यासाठी जो विषाणू वापरतात त्यात डीएनएची साधारण ४,७०० अक्षरं मावतात आणि यूएसएच२ए ची लांबी आहे पंधरा हजारांच्या वर. छोटा हत्ती टेम्पोत अख्ख्या घराचं सामान भरायचं म्हटलं तर कसं भरणार, असं त्याने सांगितलं आणि आईलासुद्धा ते कळलं. म्हणून या जनुकासाठी दुसरी वाट शोधतायत. एका डच कंपनीने जनुकाच्या फक्त एका तुकड्यातला, एक्झॉन १३ मधला, दोष वगळून पुढे जाणारं औषध बनवलं होतं, डोळ्यात इंजेक्शनने द्यायचं. सुरुवातीचे निकाल आशादायक होते, मोठ्या ट्रायल सुरू झाल्या, आणि २०२२ मध्ये त्याच कंपनीचं दुसऱ्या एका डोळ्याच्या आजारावरचं औषध फेल गेल्यावर कंपनीने डोळ्यांचं काम थांबवलं आणि या ट्रायलही बंद पडल्या. पुढे एका फ्रेंच कंपनीने ते औषध घेतलं आणि काम परत सुरू केलं. मला हे ऐकून खूप राग आला, अजूनही येतो. औषध चालतं की नाही हे कळायच्या आधीच पैशाच्या गणितात ट्रायल बंद होते आणि त्यात भाग घेतलेले लोक मध्येच लटकतात.

आणि भावाचे दोन्ही बदल एक्झॉन १३ मध्ये नाहीतच. म्हणजे नुसतं "आरपी आहे" हे पुरत नाही, जनुकाचं नावही पुरत नाही, दोष जनुकात नेमका कुठे आहे ते लागतं. ट्रायलच्या पात्रतेच्या अटी बघितल्यात तर पहिलीच अट बहुतेक वेळा जेनेटिक रिपोर्टची असते. ज्यांनी टेस्टच केलेली नाही त्यांना उद्या त्यांच्या जनुकावर औषध आलं तरी ते आपल्यासाठी आहे हे कळणारच नाही. टेस्ट करून काय उपयोग असं मला आमच्या डॉक्टर नातेवाईकांनीही विचारलं होतं, त्यांना माझं हे उत्तर आहे.

भावाचं नाव तिथल्या रजिस्ट्रीत, म्हणजे रिसर्चसाठीच्या पेशंटच्या यादीत घातलं, आणि दरवर्षी त्याच तपासण्या करायला बोलावलंय. लोकांना वाटतं औषध नाही मग दरवर्षी कशाला जायचं. अहो, आजार आपल्या आपण किती वेगाने वाढतो हे आधी मोजलेलं नसेल तर औषधाने तो थांबला हे सिद्ध कसं करणार? आरपी इतका हळू सरकतो की वर्षभरात चार्टवर काहीच फरक दिसत नाही. यूएसएच२ए साठी अमेरिका, कॅनडा, युरोपात रश२ए नावाचा असा अभ्यास झाला, १२७ लोक त्यात होते, त्यातल्या बहुतेकांना चार वर्षं नुसतं मोजत राहिले, कोणालाही कुठलंच औषध दिलं नाही. त्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो. स्वतःला काही मिळणार नाही हे माहीत असून ते दरवर्षी अंधारात बसून फ्लॅश खाऊन आले, आणि उद्या भावाला जे काही मिळेल ते त्यांच्या आकड्यांवर उभं असेल. आपल्याकडच्या लोकांचे आकडेही त्यात यायला हवेत, आपल्यातले बदल वेगळे असतात, इतक्या मोठ्या देशातून आपण मोजलेच गेलो नाही तर औषधं आपल्याला धरून कशी बनणार?

एक इशारा. "आरपी स्टेम सेलने बरा होतो" अशा जाहिराती व्हॉट्सअॅपवर फिरतात, आम्हालाही एका ठिकाणाहून फोन आला होता, लाखांचं पॅकेज आणि "ट्रायल चालू आहे, सीट कमी आहेत" असं. कोऑर्डिनेटरने सांगितलेली गोष्ट लक्षात ठेवा. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये तीन महिलांनी पैसे भरून एका क्लिनिकमध्ये दोन्ही डोळ्यांत स्वतःच्या चरबीतल्या स्टेम सेल टोचून घेतल्या, त्यांना वयामुळे होणारा पडद्याचा आजार होता, आणि तिघींचीही नजर फार वाईट गेली. २०१७ मध्ये ते मेडिकल जर्नलमध्ये आलं. त्यांचा तो "अभ्यास" अमेरिकेच्या सरकारी ट्रायल वेबसाइटवर नोंदवलेला दिसत होता, त्यामुळे नुसती नोंद बघून विश्वास ठेवू नका. खऱ्या ट्रायलमध्ये प्रायोगिक औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. भारतात ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते, २००९ पासून ते सक्तीचं आहे, तो नंबर मागा, एथिक्स कमिटीचं नाव मागा, आणि २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार ते संमतीपत्रात लिहिलंय का ते वाचा. आणि दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी काही टोचू म्हणाले तर उठून या.

भाषेबद्दल मात्र तक्रार आहे आणि अर्धा मार्क त्यासाठीच कापलाय. संमतीपत्र इंग्रजी, हिंदी आणि तिथल्या भाषेत होतं, मराठीत नव्हतं. लातूर, सोलापूर, नांदेड, कोल्हापूरकडचे किती पेशंट तिथे रांगेत बसलेले दिसतात, आजूबाजूला सगळी मराठीच कानावर पडत होती. डेटा कोणाला देणार, रक्ताचा नमुना किती वर्षं ठेवणार, मनात आलं तर बाहेर पडता येतं का, हे आईला मीच वाचून समजावलं. ज्यांच्याबरोबर समजावणारं कोणी नाही ते अंगठा उठवून मोकळे होत असतील. बाकीचा अर्धा मार्क रिपोर्टच्या उशिरासाठी आणि त्या मेलसाठी.

लग्नाचा विषय निघालाच. घरात भावासाठी मामाच्या मुलीचं चाललं होतं. काउन्सेलरने सरळ आकड्यात सांगितलं की आई वाहक आहे म्हणजे मामा वाहक असण्याची शक्यता निम्मी, त्याच्या मुलीची त्याच्या निम्मी, आणि ती वाहक निघाली तर प्रत्येक मुलामागे पन्नास टक्के. "लग्न करू नका" असं ती एकदाही म्हणाली नाही. मुलीची टेस्ट करता येईल, ठरवायचं तुम्ही, पण तिलाही हे सगळं आधी सांगा, एवढंच म्हणाली. मला तो सल्ला फार आवडला. माझी स्वतःचीही टेस्ट केली, मी वाहक निघाले, त्याने मला काही होत नाही, नवऱ्याची तपासणीही करून घेतली.

लो व्हिजनचा विभाग त्याच इमारतीत आहे तिथे जरूर जा, मोबाईलचा स्क्रीन रीडर, पांढरी काठी धरून चालायचं शिक्षण, सगळं फुकट शिकवलं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी फील्डचा रिपोर्ट मागून घ्या. २०१६ च्या कायद्याप्रमाणे चार्टवर चांगलं वाचता आलं तरी बघण्याचा घेर ४० अंशांच्या आत आला की अल्पदृष्टी आणि १० अंशांच्या आत आला की अंधत्व धरतात, पण बऱ्याच ठिकाणी फक्त चार्ट वाचायला लावून "तुम्हाला तर दिसतंय" म्हणतात. भावाला आधी तसंच परत पाठवलं होतं, फील्डचा कागद समोर ठेवल्यावर काम झालं.

जाणार असाल तर आई-वडील दोघांना बरोबर न्या नाहीतर रक्तासाठी परत चकरा होतात, जुने सगळे रिपोर्ट आणि फोटो न्या, काळा गॉगल न्या कारण थेंब घातल्यावर बाहेरचा उजेड सहन होत नाही, आणि अपॉइंटमेंट घेताना "जेनेटिक क्लिनिक" असं स्पष्ट सांगा, नाहीतर साध्या रेटिना ओपीडीत नंबर लागतो आणि तो दिवस जातो. कोणाला रिपोर्टमधला एखादा शब्द कळत नसेल तर इथे विचारा, मला माहीत असेल तेवढं सांगेन, बाकी काउन्सेलरलाच विचारून घ्या, त्यांना फोन केलेला चालतो.